सिस्टरांचं देणं

आप्पांचे शेवटचे महिने सुसह्य झाले ते एका सिस्टरांमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण हे ऋण मनातच ठेवून मला राहवत नाही.

‘आता यांना कम्फर्टेबल ठेवायचं,’ असं डॉक्टर म्हणाले की घरचे समजतात, उपाय संपले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या शब्दाला तोच अर्थ चिकटला आहे. पण सिस्टर घरी आल्या आणि त्यांनी औषधाच्या वेळा लिहायला आधी वही मागितली. कॅन्सर हाडांत उतरला होता. दुखणं उसळलं की गोळी, अशी आमची रीत होती. ती त्यांनी मोडली. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा अंमल साधारण चार तास टिकतो, म्हणून दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे घड्याळ लावून द्यायची. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने मलावरोध ठरलेलाच. ‘याचं व्यसन लागेल हो,’ आत्या म्हणाली. ‘आत्या, वेदनेसाठी नीट मापून दिलेलं औषध आहे हे. आप्पांना झोप तरी लागू दे,’ सिस्टर म्हणाल्या.

पुढे मी यावर वाचत गेले, तेव्हा कळलं की त्या वहीमागे केवढी माणसं उभी आहेत. सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू केलं. शरीराच्या दुखण्यात मनाचं, घरच्यांचं, श्रद्धेचं दुखणं मिसळलेलं असतं, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. घड्याळाप्रमाणे औषध द्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये पुरस्कारली. त्याच साली वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस उभं राहिलं. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने आपल्याकडे मॉर्फिन मिळणंच दुरापास्त केलं होतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. आप्पांच्या उशाशी मॉर्फिनचं पाकीट होतं, ते या लोकांमुळे.

सिस्टर ओल्या गॉझने आप्पांचं तोंड पुसत, कुशीवर वळवत, आणि हात चालू असतानाच विचारत, ‘आप्पा, रात्री मनात काय येतं?’ आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं. गावच्या विहिरीवरून काकांशी अबोला होता, तो त्यांना खात होता. ‘काकांना बोलवून घ्या, ताई. उशीर नको,’ त्या मला म्हणाल्या. काका कराडहून आले. दोघं भाऊ पावसापाण्याचं बोलले, विहिरीचा विषय निघालाच नाही. पुढच्या खेपेला दहापैकी किती दुखतंय, असं सिस्टरांनी विचारलं, तर आप्पांनी तीन सांगितलं. आधी पाच असायचं. औषधाचा डोस तोच होता.

आता ओळखीत कुणाच्या घरी असं आजारपण आलं, तर मी विचारते: दुखण्याचं औषध वेळेवर देताय ना? सोबत पोटाचं? आणि त्यांना कुणाला भेटायचं राहिलंय का?