आंब्यांची नावं, किल्ल्यांची नावं

"सर, औरंगजेब कधी हसत होता काय ओ?"

चंदगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहासावर बोलायला गेलो होतो. पाऊस असा होता की पत्र्यावरच्या आवाजात माझं निम्मं भाषण बुडालं. बोलणं संपल्यावर शेवटच्या बाकावरच्या मुलानं हे विचारलं आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला. मुलगा वात्रट म्हणून प्रसिद्ध असावा, कारण बाईंनी लगेच डोळे वटारले. मला मात्र उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं फारसी कागद वाचण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

चंदगडचा माणूस फारसीकडे कसा वळला, असं पुण्यातले लोक विचारतात. आमचा तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आजही आमच्या बाजारात मराठीत घासाघीस होते, कानडीत हिशेब होतो आणि घाट चढून आलेली कोकणी मधूनच कानावर पडते. अशा गावच्या माणसाला आणखी एका भाषेची धास्ती वाटत नाही. माझी सुरुवात झाली ती सेतुमाधवराव पगडींच्या पुस्तकांपासून. मोगल दरबाराची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. ती वाचताना वाटलं, हे मूळ भाषेत वाचायला मिळालं तर काय बहार येईल. बहार यायला बारा वर्षं लागली, ते सोडा.

तर हसण्याबद्दल.

औरंगजेबाचं हसू प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार आहे. जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी 1695 च्या मार्चमध्ये गलगल्याच्या छावणीत पोचला. कृष्णेकाठचं हे गलगली आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. करेरीनं पाहिलेला बादशहा सत्त्याहत्तरीकडे झुकलेला, बुटका, मोठ्या नाकाचा, सडपातळ, वयानं वाकलेला आणि पांढऱ्या दाढीचा आहे. तो अर्जांवर स्वतःच्या हातानं शेरे मारतो आहे, तेही चष्म्याशिवाय. करेरीला नवल वाटलं ते पुढचंच. हे काम करताना म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मनापासून आवडीचं काम चाललं असावं तसं.

अर्जांवर शेरे मारताना हसणारा माणूस! सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्यांना हे हसू ओळखू येईल. समोरच्याचा अर्ज, आपल्या हातात लेखणी आणि डोक्यात एक खोचक वाक्य. औरंगजेबाचा सगळा विनोद या लेखणीच्या टोकावर आहे. तो दरबारात खो खो हसल्याचं मला कुठं आढळलं नाही. कागदावर मात्र तो पुष्कळदा सापडतो.

सर्वांत गाजलेला किस्सा कागदावरचा नाही, तोंडचा आहे. दरबारातून गाणं-बजावणं बंद झालं तेव्हा गवयांनी एका शुक्रवारी तिरडी सजवली आणि आक्रोश करत बादशहाच्या वाटेवरून नेली. कोण मेलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, संगीत मेलं. त्यावर बादशहा शांतपणे म्हणाला, नीट खोल पुरा, पुन्हा आवाज वर यायला नको. इतिहासकार खाफीखान हे सांगतो आणि इटालियन प्रवासी मनुचीही जवळपास असंच सांगतो. ही गोष्ट त्याच्या रुक्षपणाचा पुरावा म्हणून सांगतात. मला ती उलटी वाटते. गवयांनी नाटक रचलं आणि बादशहानं त्याच नाटकात शिरून शेवटचं वाक्य स्वतःकडे घेतलं. रुक्ष माणसानं सरळ फटके मारले असते. (त्या बंदीनंतरही संगीतावरचे फारसी ग्रंथ त्याच्या राज्यात लिहिले जात राहिले, हे कॅथरीन स्कोफिल्ड या अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं आहे. म्हणजे मयत तितकंसं खोल पुरलं गेलं नव्हतं.)

दुसरा किस्सा बर्निये या प्रवाशाचा. औरंगजेब गादीवर बसल्याचं कळताच त्याचा लहानपणीचा शिक्षक, मुल्ला सालेह, मोठ्या आशेनं दरबारी आला. उमराव तरी होऊ, असा त्याचा हिशेब. बादशहानं आधी बरेच दिवस ओळखच दाखवली नाही, मग एकांतात बोलावून हिशेब चुकता केला. फिरंग्यांचा मुलुख म्हणजे एक चिमुकलं बेट, तिथला सगळ्यांत मोठा राजा पोर्तुगालचा, मग हॉलंडचा, मग इंग्लंडचा, असा भूगोल तुम्ही मला शिकवलात. केवढे थोर भूगोलतज्ज्ञ तुम्ही! राजपुत्राला जगातल्या राज्यांची ताकद कळायला हवी तेव्हा अरबी व्याकरणात माझी वर्षं घालवलीत. असं बरंच काही. बर्निये फ्रेंच होता आणि गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हात धरणारा नव्हता, त्यामुळे यातलं मीठमसाल्याचं प्रमाण वाचकांनी आपापलं ठरवावं. पण स्तुतीच्या वेष्टनात चपराक देण्याची ही तऱ्हा त्याच्या पत्रांतही दिसते, म्हणून मी ती निम्म्याहून जास्त खरी मानतो.

आता पत्रं. म्हातारपणची त्याची पत्रं 'रुकआत-ए-आलमगिरी' या नावानं गोळा झाली. जमशेद बिलिमोरिया या पारशी गृहस्थानं त्यांचं इंग्रजी भाषांतर 1908 मध्ये छापलं. मी ती पहिल्यांदा उघडली ती मोहिमांचे तपशील शोधायला. सापडली बिर्याणी.

मुलगा आज्जम याला बाप लिहितो आहे. हिवाळ्यात तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडी-बिर्याणीची चव अजून आठवते. इस्लामखानाकडची कबुली तिच्यापुढे काहीच नाही. बिर्याणी करणारा तुझा तो सलीमान मी मागितला होता, पण तू दिला नाहीस. मग त्याचा एखादा हुशार चेला सापडला तर तो तरी पाठव. शिवाय जाता जाता असंही सुचवतो की केस पिकले तरी जिभेची हौस काही पिकत नाही.

अर्धा हिंदुस्थान ज्याच्या मुठीत, तो मुलाकडे आचारी मागतो आणि मुलगा नाही म्हणतो! यावर बादशहाची प्रतिक्रिया काय, तर चेला पाठव. हुकूम सोडला असता तर सलीमान दुसऱ्या दिवशी शागिर्दांसकट छावणीत हजर झाला असता. तो हुकूम सोडत नाही, टोमणा मारतो. सुनेच्या हातची आमटी दुसऱ्या पंगतीत वाखाणून आपल्याला पुन्हा वाढून घेणारे सासरे आमच्याकडे असतात, तसलाच हा प्रकार. या माणसानं बापाला कैदेत ठेवलं आणि भावांना संपवलं, हे पत्र वाचताना विसरायला होतं. विसरू नये. म्हणून मी हे पत्र विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा तारखांचा तक्ता शेजारी ठेवतो.

दुसरं पत्रही आज्जमलाच, आंब्यांबद्दल. मुलानं नव्या जातीचे आंबे पाठवले आणि नावं सुचवायची विनंती केली. बाप लिहितो, तू स्वतः एवढा हुशार असताना म्हाताऱ्या बापाला कशाला त्रास? आणि मग नावं ठेवतोच. एक सुधारस, दुसरा रसनाविलास.

क्षणभर थांबून ही नावं मोठ्यानं म्हणून पाहा. सुधारस म्हणजे अमृताचा रस, रसनाविलास म्हणजे जिभेची चैन. अरबी-फारसीत मुरलेल्या, हातानं कुराणाच्या प्रती उतरवणाऱ्या या माणसाला आंब्याच्या वेळी संस्कृत सुचलं. 'रसना'मध्ये रसही आहे आणि जीभही आहे, हे कळणारा कान त्याच्याकडे होता. एरवी चैनीला ज्याच्या राज्यात थारा नव्हता, त्यानं फळाच्या नावात 'विलास' घातला. मुलाला 'कशाला त्रास' म्हणताना तो किती खुशीत होता, हे त्या दोन नावांवरून कळतं.

तिसरा प्रसंग साकी मुस्तैदखानानं 'मासिर-ए-आलमगिरी'त नोंदवला आहे. बंगालहून एक माणूस आला, म्हणाला, मला तुमचा मुरीद, म्हणजे शिष्य करून घ्या. बादशहा हसला. खिशात हात घालून शंभरएक रुपये आणि थोडं सोनं काढलं आणि म्हणाला, याला माझ्याकडून जी कृपा हवी ती हीच, देऊन टाका. त्या माणसानं पैसे भिरकावले आणि नदीत उडी घेतली. त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. मग बादशहानं एक गावरान हिंदी दोहरा ऐकवला, ज्यात उंदीर आहे आणि सूपही आहे, आणि त्या माणसाला सरहिंदच्या एका सत्पुरुषाकडे पाठवून दिलं. आपल्याला पीर समजून कुणी आलं, याचंच त्याला हसू आलं असावं. लोक त्याला जिंदा पीर म्हणू लागले होते, पण स्वतःबद्दल त्याचा तसा समज नव्हता.

हे सगळं वाचून तो प्रेमळ आजोबा होता, असं कुणी म्हणू लागलं तर मी कागद मिटून ठेवीन. शंभूराजांचे हाल त्याच्याच हुकमानं झाले, आणि ते 1689 चे कागदही मी वाचले आहेत. त्याच्या विनोदाची एक अट आहे. तो फक्त उताराच्या दिशेनं वाहतो. मुलगा, शिक्षक, गवई, अर्जदार, शिष्य. समोरचा उलट बोलू शकत नाही, अशा ठिकाणीच हा माणूस गंमत करतो.

दुसऱ्या बाजूचा विनोद चढावर जाणारा आहे. सुरतेच्या पहिल्या लुटीनंतर, 1664 च्या जानेवारीत, तिथल्या इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलिओ यानं विलायतेत टॉमस ब्राउन या लेखकाला पत्र लिहिलं. शिवाजीराजे मध्यम उंचीचे, ताठ बांध्याचे, नजर तीक्ष्ण आणि बोलताना हसल्यासारखे दिसणारे, असं वर्णन त्यानं केलं आहे. शहर जळत होतं तेव्हाचं हे वर्णन! आमच्या पुतळ्यांत हे हसू कुठंही नाही, मूर्तिकारांनी सगळीकडे तलवार दिली आहे. राजांच्या फौजेनं पेडगावच्या मोगल सरदार बहादूरखानाला 1674 च्या पावसाळ्यात दोन हजार स्वारांची हूल देऊन छावणीपासून पन्नासेक मैल दूर नेलं आणि मागून सात हजारांनी छावणी साफ केली. बादशहासाठी ठेवलेले दोनशे उमदे घोडेही गेले. पुढच्याच वर्षी याच खानाला तहाच्या बोलण्यात गुंगवून ठेवलं. फोंड्याचा किल्ला हाती आल्यावर त्याच्या वकिलांना विचारलं, तुम्ही असा कोणता दाब आणलात की मी तह करावा? आता लवकर निघा, नाहीतर अब्रू जाईल. खानानं पुन्हा विश्वास ठेवला, हा या विनोदाचा खरा कळस.

आमच्या तालुक्यात पारगड आहे. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले ते 1670 च्या फेब्रुवारीत. त्यांचा मुलगा रायबा याला महाराजांनी पारगडाची किल्लेदारी दिली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि मालुसऱ्यांची घरं आजही त्या गडावर आहेत. गेल्या उन्हाळ्यात तिथं गेलो होतो. देवळाच्या ओसरीवर चार म्हातारे बसले होते. शाळेतल्या त्या मुलाचा प्रश्न डोक्यात होताच, म्हणून त्यांना औरंगजेबाची आणखी एक सवय सांगितली. किल्ला हाती आला की तो त्याला नवं नाव ठेवी.

साताऱ्याचा आज्जमतारा झाला. 1702 च्या जूनमध्ये खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, मिळाला. मिळाला म्हणजे किल्लेदाराच्या हातावर भली मोठी रक्कम ठेवली तेव्हा मिळाला. त्याचं नाव ठेवलं 'सख्खरलाना'. अर्थ साधारण असा, की त्यानं हे आमच्या स्वाधीन केलं. मुसलमान प्रवासी स्वारीवर चढताना जी दुआ म्हणतात तिच्यातले हे शब्द. आणि स्वारी कशी निघाली? खेळण्याहून पन्हाळ्याच्या आसपास पोचायला, तीस मैलांना, अडतीस दिवस लागले. उंट कोलमडले, हत्ती चिखलात रुतले, ओढ्यांनी फौजेचे तुकडे केले. ओसरीवरचे म्हातारे इथं मनापासून हसले. जूनमध्ये घाटमाथ्यावर तंबू ठोकणाऱ्याला आमच्याकडे बादशहा म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात.

मग सिंहगडाचं सांगितलं. तोही 1703 मध्ये असाच पैसे मोजून घेतला. त्याचं नाव ठेवलं 'बख्शिंदाबख्श', देणाऱ्या देवाची देणगी. मी स्वतः अजून ठरवू शकलेलो नाही, की हे नाव ठेवताना तो भक्तिभावात होता की करेरीनं पाहिलेलं ते हसू ओठांवर होतं. विकत घेतलेल्या वस्तूला देणगी म्हणायला एकतर फार श्रद्धा लागते, नाहीतर फार मिश्कीलपणा.

म्हाताऱ्यांत सर्वांत थोरले आजोबा इतका वेळ तंबाखू मळत गप्प बसले होते. सिंहगडाचं नाव निघताच त्यांचा हात थांबला.

"इकत घेतला म्हंता?"

"होय आजोबा."

त्यांनी चिमूट गालात ठेवली, सोबतची मंडळी गप्प होईपर्यंत थांबले आणि विचारलं, "मग पावती कुनाच्या नावानं फाडली हुती ओ?"