वाईचें जुनें तूप

वाईस गेलेला प्रवासी कृष्णेचे घाट पाहतो, गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेल्या ढोल्या गणपतीस हात जोडतो, आणि मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहून परततो. आम्हीही आजवर हेंच करीत आलों. गेल्या खेपेस मात्र मधल्या आळींतील एका स्नेह्यांच्या वाड्यांत मुक्काम पडला, आणि तेथील कोठींत जें पाहिलें तें विसरणें शक्य नाहीं.

कोठीच्या कोनाड्यांत चिनी मातीची एक बरणी होती. तोंडाला फडकें, त्यावर मेण, आणि गळ्यांत बांधलेल्या तांब्याच्या पट्टीवर शक १८६९ कोरलेला. आंत घरच्या गाईंचें तूप. स्नेह्यांच्या मातोश्रींनीं तें थोरल्या मुलाच्या बारशाच्या वर्षीं भरून ठेविलें होतें.

जुन्या तुपाची महती आपल्या वैद्यकांत पुरातन आहे. दहा वर्षें राहिलेल्या तुपास चरकसंहितेंत ‘पुराण घृत’ म्हटलें असून त्याचा वास उग्र व रंग लाखेच्या रसासारखा सांगितला आहे; उन्माद व अपस्मार यांवर तें योजीत. सुश्रुतानें अकरा ते शंभर वर्षांच्या तुपास ‘कुंभसर्पि’ आणि त्यापुढील तुपास ‘महाघृत’ अशीं नांवें दिलीं. या घरीं तें पोटांत घेत नाहींत; लेंकराची छाती भरली कीं आळींतील कोणीही वाटी घेऊन यावें, आणि बोटभर तूप चोळावयास न्यावें. त्याचें मोल मात्र कधीं घेतलेलें नाहीं.

सातासमुद्रांपलीकडची एक गोष्ट येथें आठवते. मद्याचा विषय काढल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. अमेरिकेंत, विशेषतः केंटकी प्रांतांत, ‘बर्बन’ नांवाचें मद्य होतें. त्यांत निम्म्याहून अधिक मका असावा लागतो, आणि तें आंतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपांतच मुरवावें असा तेथील कायदा आहे. दर वर्षीं त्यांतील कांहीं अंश लांकडांतून उडून जातो; त्यास तिकडे ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात. वीस वर्षांनीं पुष्कळदां अर्ध्याहून कमी उरतें. अशा एकाच पिंपांतून भरलेल्या मोजक्या बाटल्यांसाठीं संग्राहक वाटेल तें मोल देतात, आणि कित्येक त्या कधींच उघडीत नाहींत.

असाच एक संग्राहक या वाड्यांतही येऊन गेला होता. वाड्याची वांटणी चाललेली. खोल्या व भांडींकुंडीं तिघां भावांत विभागलीं गेलीं, परंतु बरणीवर येऊन गाडें अडलें. धाकट्याचें म्हणणें असें कीं, ती विकून पैसे वांटून घ्यावे. त्यास मुलीच्या लग्नाचें कर्ज होतें, त्यामुळें त्याचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. थोरल्या वहिनी शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, सासूबाईंनीं तें भरलें, तेव्हां त्याचीं शंभर वर्षें भरलेलीं पाहावयास आपण नसणार, हें त्यांस ठाऊक होतें. जें त्यांनीं स्वतःसाठीं ठेविलें नाहीं, तें आपण कोणत्या हक्कानें विकावें? कर्जाचें म्हणाल, तर माझ्या पाटल्या आहेत.”

धाकट्यानें मान खालीं घातली. पाटल्या त्यानें घेतल्या नाहींत. थोरल्यानें व मधल्यानें मिळून कर्जाचा भार उचलला. बरणी वाईस राहणाऱ्याकडेच राहिली.

निघण्याच्या आदल्या दिवशीं पुण्याहून आलेली नातसून चुलीशीं बसून लोणी कढवीत होती. घरीं आतां गाय नाहीं. लोणी पसरणीच्या एका शेतकऱ्याकडून आणलेलें. जवळच एक नवी बरणी उन्हांत खडखडीत वाळविलेली होती. तांब्याची कोरी पट्टी हातांत घेऊन वहिनी तिला विचारीत होत्या, “शक तूं लिहितेस ना? माझा हात आतां कांपतो.”