सुईचे वजन

वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरमधील सिरॅमिक कार्ट्रिजला दोन तोंडांची सुई होती: एक ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी, दुसरे एलपीसाठी. तबकडी बदलली की ते तोंड फिरवण्याचे काम माझे. आणि मी ते कित्येकदा विसरत असे. खरखर वाढली की घरातले निदान ठरलेले असे, रेकॉर्ड झिजली.

त्या सुईचा दाब परवा प्रथमच मोजला. खामगावच्या चांदीबाजारातील मित्राने आपला काटा घरी आणला. (चांदीचे गाव असण्याचा असाही उपयोग!) आकडा साडेसहा ग्रॅमवर थांबला. एलपीसाठी घेतलेल्या ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. जुन्या दांडीला ते पेलेना, म्हणून टर्नटेबलही नवे आले.

तानपुरा स्वच्छ ऐकू आला, आणि ओरखडेही. वडील ज्या जागा पुन्हापुन्हा लावत, नेमके तिथेच ते अधिक होते. त्यांतले किती त्या वजनाचे आणि किती माझ्या विसराळूपणाचे, हे आता कोण सांगणार?

हिराबाई बडोदेकरांच्या ७८च्या तबकडीची गोष्ट उलटी. तिचा चर रुंद. एलपीची बारीक सुई तळाशी उतरून धूळच वाजवते. त्याच कार्ट्रिजला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची जाड सुई बसवली, दाब पाच ग्रॅम केला. आवाज मोकळा झाला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “ही आपलीच का रे?”

मी होकार दिला. त्या न फिरवलेल्या तोंडाविषयी मात्र तिला अजून सांगितलेले नाही.