खमीस

अब्बा शेवगावला शिंपीकाम करत. ओट्यावर मशीन, गळ्यात टेप. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं कापड घेऊन येत, "मास्तर, दोन खमीसं शिवा, बगलेत ढिली ठेवा." तोच शब्द मी सहावीत निबंधात लिहिला. सरांनी लाल शाईनं खोडून वर 'सदरा' लिहिलं आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शुद्ध मराठी लिहीत जा." मुली हसल्या. घरी येऊन मी अब्बांना म्हटलं, "तुम्ही तो गावंढळ शब्द बोलत जाऊ नका." ते काहीच बोलले नाहीत, मशीन चालवत राहिले.

पुढे मी शिक्षिका झाले आणि शब्दकोश चाळायची सवय लागली. तेव्हा कळलं, खमीस हा अरबी 'कमीस'. उर्दूत स चा ज होऊन कमीज. (सरांचा सदराही अरबीच, 'सद्र' म्हणजे छाती.) पण गोष्ट अरबस्तानात संपत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये सैनिकांच्या अंगासरशी बसणाऱ्या तागाच्या कपड्याला 'कमिसिया' म्हटलं आहे. त्यातून स्पॅनिश आणि पोर्तुगीज कमिसा, इटालियन कमिचा, फ्रेंच शमीझ. फ्रेंचमध्ये शमीझ म्हणजे शर्ट आणि कागद ठेवायची फाईलसुद्धा; इंग्रजीत गेल्यावर मात्र तो बायकांचा आतला कपडा झाला. जर्मन 'हेम्ड' याच कुळातला मानतात. गोव्यात कोंकणीत शर्टाला खोमीस म्हणतात. अरबीतला शब्दही याच कमिसियातून आला असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे शेवगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी जो शब्द होता, तोच रोमच्या शिपायाच्या अंगावर होता.

आणि तो कुरआनातही आहे. सूरह यूसुफमध्ये 'कमीस' सहा वेळा येतो. भावांनी खोटं रक्त लावून आणलेला, मागून फाटल्यामुळे हजरत यूसुफ (अ.) यांचं निर्दोषत्व सिद्ध करणारा, आणि शेवटी हजरत याकूब (अ.) यांच्या चेहऱ्यावर टाकताच त्यांची गेलेली दृष्टी परत आणणारा. तीन प्रसंग, तीन कमीस. लहानपणी अम्मी हा किस्सा सांगायची, तेव्हा अब्बा मान खाली घालून काजं करत असायचे. हाच आपला खमीस, हे मला कधी सुचलं नाही.

अब्बा गेले तेव्हा गुस्ल देणाऱ्या चाचांनी कफनाचे तीन कपडे अंथरले आणि भावाला नावं सांगितली: लिफाफा, इजार, कमीस. कमीसला बाही नाही, शिलाई नाही, गळ्यापुरता छेद. आयुष्यभर ज्यांनी खमीसं शिवली त्यांना शेवटचं मिळालं ते बिनशिलाईचं.

चाळिसाव्यानंतर त्यांची पेटी उघडली. मापांच्या वह्या निघाल्या. छाती, उंची, बाही, गळा, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर गिऱ्हाईकाचं नाव नि 'खमीस'. माझ्या सहावीच्या वर्षीची वही मी मुद्दाम शोधली. पावसाळ्यापर्यंत खमीस. मग एका पानावर तो शब्द खोडून त्याच जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शर्ट'. त्यापुढच्या साऱ्या वह्यांत शर्टच आहे.