आमच्या घरचा रातांधळेपणा

रातांधळेपणावर आमच्या रोह्यात ज्याला त्याला औषध ठाऊक असते. कोणी शेवग्याचा पाला सांगतो, कोणी गाजर, कोणी माशाचे तेल. त्यात तथ्य नाही असे नाही. अन्नात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर रात्री दिसेनासे होते खरे. पण माझ्या मामेभावाने, दादाने, या साऱ्यांचा फडशा पाडला, तरी दिवेलागणीला उंबऱ्यावर ठेचाळायचे काही थांबले नाही.

गंमत अशी की हाच दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करी. केसाएवढी रेघ हलत नसे. आणि पाणी प्यायला उठला की शेजारचा रंगाचा डबा लवंडे! लोक म्हणत, सोंग आहे. सोंग कसले? डोळ्याचा पडदा कडेकडेने मरत होता; मधली नजर तेवढी शाबूत होती.

मामा-मामींचे लग्न नात्यातले. दोघांकडे एका जीनची एकेक बिघडलेली प्रत. त्यांना काही झाले नाही, दादाच्या वाट्याला मात्र दोन्ही बिघडलेल्या आल्या.

मग एक दिवस त्याच्या मुलीने बातमी वाचून दाखवली. आरपीई-65 हा जीन बिघडला, तर ‘अ’ जीवनसत्त्व असूनही डोळ्याला ते पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. फिलाडेल्फियाच्या जीन बेनेट (बाईंचे नावही जीनच!) आणि अल्बर्ट मॅग्वायर या डॉक्टर दांपत्याने त्यावर तोड काढली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगली प्रत भरायची आणि सुईने पडद्याखाली सोडायची. 2001 साली जन्मांध कुत्र्यांना त्याने दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. रोग्यांची परीक्षा अशी: जमिनीवर बाण, वाटेत अडथळे, मंद उजेड, आणि चालून दाखवायचे.

“या परीक्षेत मी रोज संध्याकाळी नापास होतो,” दादा म्हणाला.

किंमत एका डोळ्याची सव्वाचार लाख. रुपये नव्हेत, डॉलर! पण दादाला आडवी आली ती किंमत नव्हे. असा आंधळेपणा आणणारे जीन अडीचशेहून अधिक. हे औषध त्यांतल्या एकाचेच, तेही पडद्यातल्या पेशी जिवंत असतील तर. दादाच्या तपासणीत दोष दुसऱ्याच जीनमध्ये निघाला. ‘अंधांना दृष्टी’ असे मथळे देणाऱ्यांनी एवढे खाली बारीक अक्षरांत तरी छापावे.

तपासणीच्या त्या कागदाचा दादाने मात्र भलताच उपयोग केला. पेणच्या ताईने, त्याच्या सख्ख्या बहिणीने, आपल्या मुलासाठी दादाची मुलगी मागितली होती. मामाची मुलगी, घरचेच स्थळ! पण मुलीत बापाची एक बिघडलेली प्रत असणारच. भाच्यातही तीच असली, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारांत एक धोका.

“आधी भाच्याचे रक्त तपासू,” दादा म्हणाला, “मग पत्रिका.”

ताई रागावली. यंदा गणपतीला ती रोह्याला आली नाही. परवा मात्र भाच्याचा फोन आला. रक्त कुठे द्यायचे, विचारत होता.