चाकावरचे निळे डाग

कडबा कुट्टीचं यंत्र तुमच्यापैकी कितीजणांनी फिरवून पाहिलंय? पहिले दोन फेरे मारताना जीव अगदी मेटाकुटीला येतो. मग मात्र ते मोठं लोखंडी चाक आपल्याच नादात फिरू लागतं. दांडा सोडला तरी फिरतंच राहतं! (म्हणूनच थांबल्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रात बोटं घालायची नसतात. आजी ओरडते ते उगीच नाही.) शेतावरच्या जुन्या ऑइल इंजिनालाही असंच दणकट चाक असतं.

आज मी तुम्हाला अशाच एका चाकाची गोष्ट सांगणार आहे. हे चाक गाडीच्या पोटात दडलेलं असतं, एरवी कुणाच्या नजरेस पडत नाही. आमच्या गाडीचं पडलं, आणि माझी चोरी पकडली गेली!

गाडी बाबांची. प्रीमिअर पद्मिनी, १९८६ सालची. या गाड्या मुंबईत कुर्ल्याला तयार होत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांसमोर येते. त्या टॅक्सींनीही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. आमच्या गाडीचा गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगला आहे. शेजारची मुलं आधी तो बघायला येतात, मग हॉर्न वाजवायला.

बाबा अकोल्याला राहतात, मी अमरावतीला. त्यांची नजर कमी झाल्यापासून गाडी मीच चालवते. सुटीच्या दिवशी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती अशी शंभरेक किलोमीटरची आमची वारी. बाबा शेजारच्या सीटवर बसतात, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकची मला बातमी देतात.

दोन वर्षांपूर्वी गाडी कुरकुरायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी काही वेग घ्यायची नाही. वर एक जळका वास. मी बाबांना सांगून टाकलं, “गाडी म्हातारी झाली हो आता.” दादा म्हणाला, “भंगारात देऊन टाकू. पार्टस् तरी कुठे मिळतात आता?” बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चालवतेस तू. तुला ठाऊक. तू म्हणशील तसं.”

अमरावतीचे आमचे मिस्त्री मात्र ऐकेनात. “उघडून पाह्यल्याबिगर कायले म्हातारी म्हनता, ताई?” म्हणाले, आणि गिअरबॉक्स उतरवायला लागले.

गिअरबॉक्स उतरेपर्यंत क्लच म्हणजे काय ते सांगते. वही दोन तळव्यांमध्ये घट्ट दाबून धरा. एक तळवा म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक. त्याला फ्लायव्हील म्हणतात. दुसरा तळवा म्हणजे प्रेशर प्लेट. मधली वही म्हणजे क्लच प्लेट, ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. तळवे घट्ट आहेत तोवर तिघं एकत्र फिरतात, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. पायाने क्लच दाबला की तळवे सैल होतात, वही मोकळी होते, मग गिअर बदलता येतो. पण तळवे अर्धवटच सैल ठेवले तर? वही घासत राहते. एकमेकांवर तळहात चोळून बघा, कसे गरम होतात ते. इंजिन तर मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारत असतं!

मिस्त्रींनी क्लच प्लेट काढून माझ्या हातात दिली नाही, लांबूनच दाखवली. आतली काळी धूळ फुंकली नाही की हवेच्या पाइपाने उडवली नाही. ओल्या फडक्याने टिपून घेतली. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर फार वाईट. तुम्हीही कधी गॅरेजमध्ये रमलात, तर त्या धुळीपासून लांब राहा.

प्लेटचं अस्तर पार झिजून आतले रिव्हेट वर आले होते. मग मिस्त्रींनी फ्लायव्हीलवर टॉर्च मारला. बिडाचं ते जाडजूड चाक चकाकत होतं, आणि त्यावर मोरपिसासारखे निळे-जांभळे डाग होते. दिसायला सुंदरच! मिस्त्रींनी मात्र चुकचुक केलं.

“ताई, गाडी कोन चालोते?”

“मी... आणि बाबा.” दोन वर्षांत बाबांनी स्टिअरिंगला हातही लावला नव्हता.

“मंग हे बाबाचं काम नाई. हे पाह्यजा, बेअरिंगबी घासलं. ज्याचा पाय कायम क्लचवर असते ना, त्याच्याच गाडीचं असं होते.”

मी मान खाली घातली. खरी गोष्ट होती ती. मी गाडी शिकले तेव्हा अकोला-अमरावती रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता. कधी गिअर बदलावा लागेल त्याचा नेम नाही, म्हणून डावा पाय क्लचवरच ठेवायची सवय लागली. पुढे जून २०२२मध्ये याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. रस्ता सुधारला, पण माझा पाय होता तिथेच राहिला. लोखंड सतत घासून तापलं की असं निळं पडतं. म्हातारी झाली म्हणून मी जिला भंगारात पाठवायला निघाले होते, तिला मीच जाळत होते.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. आधी जेवलात का विचारलं, मग हवापाणी, मग एकदाचं सांगून टाकलं. तिकडून काही क्षण आवाजच नाही. मग म्हणाले, “मला वास यायचा. पण तुला बोललो असतो तर तू येणं कमी केलं असतंस.”

यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने अमरावतीला हजर! आम्ही तिघं सुटे भाग शोधायला निघालो. पहिल्या दुकानात एक चकचकीत डबा निघाला. किंमत निम्मी, पण डब्यावर बनवणाऱ्याचं नावच नाही. बाबांनी चष्मा वर करून तो उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. भंगारबाजारात जुना सेट मिळत होता. त्याचं अस्तर जाड दिसत होतं, पण कडेला तेल मुरलेलं. तेल प्यालेली प्लेट पकडत नाही, घसरते. शेवटी नावाजलेल्या कंपनीचा सेट मिळाला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही नवं. महाग पडला. पण क्लच बदलायचा म्हणजे दरवेळी गिअरबॉक्स उतरवायचा, त्याची मजुरी वेगळी. स्वस्तातलं बेअरिंग टाकून सहा महिन्यांनी पुन्हा तेच कोण करणार? मिस्त्रींनी जुनी प्लेट दुकानात सोबत आणली होती. नवीच्या शेजारी ठेवून व्यास मोजला, मधल्या भोकातले दाते मोजले. गॅरेजमध्ये आल्यावर दांड्यावर सरकवून पाहिली, तेव्हा कुठे समाधान झालं.

आता राहिलं फ्लायव्हील. नवं मिळेना. माझ्या भाच्याने मोबाइलवर बघून सल्ला दिला, “मावशी, हलकं फ्लायव्हील बसव. रेसच्या गाड्यांना असतं. इंजिन झटकन फिरतं!” मिस्त्रींना त्याचा राग नाही आला. म्हणाले, “कडबा कुट्टीचं चाक हलकं केलं तं काय होईन बापू?” भाच्याने विचार केला. “पेंढीत अडकेल.” बरोबर! जड चाक जोर साठवून ठेवतं, म्हणून पेंढी आली तरी थांबत नाही. गाडीतही तसंच. हलकं चाक भर्रकन वेग घेतं खरं, पण सिग्नलवरून निघताना इंजिन फटकन बंद पडायची भीती. चार माणसं आणि संत्र्याची पेटी घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल, तर जडच बरं.

मग जुनंच चाक वाचवायचं ठरलं. आधी भिंगाने भेगा शोधल्या. बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली भेग असती तर चाक फेकून द्यावं लागलं असतं, कारण एवढ्या वेगात फुटलेलं चाक म्हणजे तोफगोळाच. सुदैवाने भेग नव्हती. निळ्या डागांच्या जागी बीड इतकं कडक झालेलं असतं की लेथचं टूल त्यावर उड्या मारतं, म्हणून ते ग्राइंडरवर घासून घेतलं. तेही बेताचं. फार पातळ झालं तर ते चाकच निकामी.

एक गंमत राहिली. फ्लायव्हीलच्या कडेला दात्यांचं कडं असतं, स्टार्टर त्यात अडकून इंजिन फिरवतो. त्याचे दाते दोनच जागी झिजले होते! चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, म्हणून मार तिथेच बसतो. मिस्त्रींनी कडं तापवून काढलं आणि थोडं फिरवून पुन्हा बसवलं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलीय ना? तापलं की लोखंड फुगतं, गार झालं की आवळून बसतं. अगदी तेच.

दोन दिवसांनी आम्ही अकोल्याला निघालो. पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवा, नवी प्लेट नीट बसू द्या, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मी गिअर टाकला, क्लच सोडला आणि डावा पाय उचलून खाली जमिनीवर ठेवला. बडनेरा येईपर्यंत बाबांनी एकाही ट्रकची बातमी दिली नाही. त्यांचं सगळं लक्ष माझ्या त्या पायाकडे. मी काही बोलले नाही, तेही नाही.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबावं म्हणून त्यांना हाक मारली. पाहते तर काय, बाबा गाढ झोपले होते.