डफ शेकताना

फाल्गुनात मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावर रात्री गेलं, की आधी दिसतो तो तुराट्यांचा जाळ आणि त्यावर धरलेले डफ. गारठ्यानं सैल पडलेलं कातडं शेकायचं, टिचकी मारून बघायचं, पुन्हा शेकायचं. आवाज बद्द आहे तोवर कुणी गात नाही. कातडं ताणून खणखणलं, की एखादा जाणता गडी गोरबोलीतली, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतली, लेंगी हे होळीचं गाणं उचलतो आणि गोल उभी राहिलेली माणसं ती झेलतात. बंजाऱ्यांची होळी पेटते पहाटे, त्यामुळे रात्र लांब असते.

पहिल्यांदा डॉ. फीलगुड ऐकला तेव्हा मला हाच जाळ आठवला. १९७१ सालचा हा इंग्लंडमधला बँड. थेम्सच्या मुखाशी, १९५३ च्या पुरानं झोडपलेल्या आणि तेलाच्या टाक्यांशेजारी नांदणाऱ्या कॅनव्ही बेटावरची ही पोरं. बडे रॉक बँड तेव्हा स्टेडियमांत शिरले होते, त्यांची गाणी लांबत चालली होती. ही पोरं लंडनच्या पबमध्ये उभी राहिली. बुटकं छत, समोर हातभर अंतरावर माणसं, गाणं आटोपशीर. ली ब्रिलो गायचा, माउथ ऑर्गन फुंकायचा; घामानं त्याचा सूट भिजून जायचा.

पण माझा जीव गुंतला तो त्यांचा गिटारवादक विल्को जॉन्सनच्या उजव्या हातात. गिटारच्या तारा छेडायला तो नखी वापरत नसे, उघड्या बोटांनीच तारांवर आघात करी. ठेका आणि सूर एकाच हातातून निघत. आमच्या लेंगीतही जो गातो त्याच्याच हातात डफ असतो. ठेक्याला वेगळा साथीदार लागत नाही, हाताला जे कळलं तेच गळ्यात येतं.

१९७५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, तोही स्टिरिओच्या जमान्यात मोनो. थेट कार्यक्रमांतून ध्वनिमुद्रित केलेला 'स्टुपिडिटी' १९७६ मध्ये ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. पुढच्याच वर्षी विल्को बाहेर पडला. त्या पबांतून पुढं पंक रॉक उगवलं, हे मला त्या पहिल्या क्रमांकापेक्षा मोठं वाटतं.

इकडे आमच्या पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या तीर्थक्षेत्री, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तिथं गेलो तेव्हा ऊर भरून आला. तरी मला ओढ आहे ती तांड्यावरच्या रात्रीची, कारण होळीला आता डीजेही येऊ लागलाय आणि त्याला जाळाजवळ यावं लागत नाही.

गेल्या फाल्गुनात मध्यरात्र उलटल्यावर एका म्हाताऱ्यानं डफ माझ्यापुढे केला.

"हात लावून पाह्य भाऊ, अजून थंडच हाये."

कातडं खरंच गार होतं. त्यानं डफ परत जाळाकडे वळवला आणि मी चार तुराट्या आत सारल्या.